गाणाऱ्याने मारलेला माणूस

पप्पा, त्या गुरुवारी मी कॅसेटच्या आतला कागद जसा होता तसा वाचला असता, तर तुम्ही आईवर हात टाकायचं सोडलं असतं, की तिला मारूनच टाकलं असतं? या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही. दहा वर्षांची होते तेव्हा येत होतं, आणि त्या उत्तरावर विसंबून मी तुमच्याशी खोटं बोलले. आता सत्ताविसाव्या वर्षी, आपल्या घरातली पहिली पदवी आणि तिच्यावर आणखी एक घेऊन, तुमच्यापासून समुद्रापलीकडे बसून मी पुन्हा त्याच प्रश्नापाशी आले आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. जे सांगायचं आहे ते जिवंत माणसाला सांगायची मला परवानगी नाही, म्हणून तुम्हाला लिहिते.

मी इथे सिडनीत, हॅरिस पार्कमध्ये राहते आणि दुभाषी म्हणून काम करते. कुणा मराठी माणसाचं हॉस्पिटलात, कोर्टात, पोलिसांपुढे इंग्रजीवाचून अडलं की मला बोलावतात. मी दोघांच्या मध्ये बसते आणि याचं त्याला, त्याचं याला सांगते. पूर्वी ट्रेनने जाऊन समोरासमोर करायचे. आता या महामारीत सगळं फोनवर. आमच्या भागातला लॉकडाऊन शहरात सगळ्यात कडक आहे. घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायचं नाही, आणि दुपारी डोक्यावर पोलिसांचं हेलिकॉप्टर घिरट्या घालत असतं. फ्लॅटमध्ये आम्ही दोघी, मी आणि एक गुजराती मुलगी, जी सुपरमार्केटमध्ये सामान लावायचं काम करते. भिंती पातळ, आणि माझ्या कामाचा नियम असा की माझ्या कानावर पडतं ते दुसऱ्या कुणाच्या कानावर पडता कामा नये. म्हणून मी भिंतीतल्या कपाटात बसते. हसू नका. टांगलेले कपडे एका बाजूला सारून, खाली उशी घेऊन, कानाला हेडफोन लावून दार आतून ओढून घेते. ती शिफ्टवरून आली की बाहेरून ओरडते, "अरे, फिर अलमारी में? अंदर बॉयफ्रेंड छुपाया है क्या? निकल, चाय पी ले."

मंगळवारी सकाळी त्या कपाटात एका बाईचा आवाज माझ्या कानात होता. पोलीस तिच्या स्वयंपाकघरात उभे होते. तिने सगळं सांगितलं आणि मग मला एकटीला मराठीत विनवलं, "हे एवढं त्यांना नको सांगू." तिने काय लपवायला सांगितलं आणि मी काय केलं, ते लिहिणारच आहे. पण आधी तुमच्या गाणाऱ्याबद्दल बोलावं लागेल, कारण तिने विनवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो कागद आला.

तुमची बोटं गेली तेव्हा मी सात वर्षांची होते. भोसरीच्या कारखान्यात, पॉवर प्रेसखाली, डाव्या हाताची मधली दोन. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये अशी सोय यंत्राला असते, हे तुम्हीच मला सांगितलंत. आणि माल लवकर निघावा म्हणून त्यातलं एक बटण दोरीने दाबून बांधून ठेवायची सगळ्या खात्याची पद्धत होती, हेही तुम्हीच. कारखान्याने तुम्हाला घरी सोडलं तेव्हा हाताला बांधलेलं फडकं कोपरापर्यंत भिजलेलं होतं आणि तुम्ही दारातून आईवर ओरडत होतात की पाणी का तापवलं नाही. गणपतीच्या ऑर्केस्ट्रात तुम्ही वाजवायचात ती गिटार वर्षभर खिळ्यावर टांगून राहिली. तुम्ही तिच्याकडे बघायचात आणि मग आईकडे बघायचात. मला त्या बघण्यावरून कळायचं, आज काय होणार.

मग खात्यातल्या एका फिटरने तुम्हाला ती कॅसेट दिली. नवीन मशीन बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनिअर ती विसरून गेला होता. वर एका म्हाताऱ्या काळ्या माणसाचा फोटो, डोक्यावर हॅट, मांडीवर गिटार. डाव्या हाताची दोन बोटं आत मुडपून वाळलेली, आणि करंगळीत बाटलीचा कापलेला गळा अंगठीसारखा घातलेला. तुम्ही तो फोटो माझ्या नाकाशी धरलात. "बघ! याची पण गेलीत. आणि वाजवतोय गडी!" त्याच आठवड्यात तुम्ही कारखान्यातून करंगळीएवढा पोलादी पाईप कापून, लेथवर घासून आणलात, पॉलिश पेपरने तासभर चकचकीत केलात आणि करंगळीत चढवलात. तारांवरून तो घसरवला की गिटार रडायची. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू दारात आल्या. "काय वहिनी, कुणाचं कुत्रं चेंगरलं काय?" तुम्ही हसलात, पप्पा. वर्षभरात पहिल्यांदा. आई पण हसली. मी ते हसणं इतकं जपून ठेवलं की पुढे जे झालं त्याला काही अंशी तेच कारण आहे.

कारखान्यांची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारीच दिवसभर लाईट नसायची. तुम्ही सेल सकाळी खिडकीत उन्हाला लावायचात, म्हणजे दुपारभर टेप चालेल. दुपार झाली की तुम्ही खुर्चीवर पाय फाकून बसायचात, टाचेने ताल धरायचात, तो वाजवेल तसं थांबत, मागे नेत, पुन्हा लावत वाजवायचात. मग जुन्या बाजारातून एक हॅट आली. त्याच्या फोटोत खुर्चीच्या पायाशी बाटली होती, तुमच्याही असायची. ती आधीपासूनच होती म्हणा. तो जे करील ते तुम्ही करायचात. मी हे बघत होते. मोठ्यांना वाटतं त्यापेक्षा मुलांना जास्त दिसतं.

मारण्याला मात्र गुरुवार लागत नसे. पण एक गुरुवार मला सगळ्यात जास्त आठवतो. आई भाकरी थापते आहे, धाकटा भाऊ पाळण्यात आहे. आई एवढंच म्हणते, "जरा हळू वाजवा, आत्ताच डोळा लागलाय त्याचा." तुम्ही उठता. गिटार नीट भिंतीला टेकवून ठेवता, तिला ओरखडा येऊ नये म्हणून. करंगळीतला पाईप काढत नाही. पाईप तिच्या तोंडावर बसला तो आवाज भांडं पडल्यासारखा नव्हता. आईच्या तोंडातून भाकरीच्या पिठावर रक्त पडलं आणि त्या रक्तात दात होता. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, बाथरूममध्ये घसरले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं पोलिओचं चित्र बघत राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी तुम्ही मला ती जाड इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणून दिलीत. वाढदिवस नव्हता, काही नव्हतं. पुढच्या पानावर तुम्ही वाकड्या अक्षरात माझं नाव घातलंत आणि आतून कॅसेटचा घडीचा कागद काढून हातात दिलात. "यात त्याची सगळी कुंडली आहे. सायबाला विचारायची गरज नाही, माझी पोरगी वाचील. पुढच्या गुरुवारी मंडळी बोलावतो." मी आठवडाभर वाचत होते. शाळेतून आले की शब्दाखाली पेन्सिलने रेघ, मग डिक्शनरी, मग वहीत मराठी.

त्या कागदात त्याचं सगळं आयुष्य होतं. कापसाच्या शेतात जन्म, दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे आईबाप, सावत्र बापाचा चाबूक. तेराव्या वर्षी औषधं विकणाऱ्या एका फिरत्या तमाशात पळून गेला; आधी नाच, मग गिटार. मोठा झाल्यावर शनिवारी मजुरांच्या दारूच्या खोपटांत वाजवायचा, जिथे नाच संपेपर्यंत कुणीतरी भोसकलेला असायचा. अशाच एका शनिवारी सुरीने त्याच्या तळहाताच्या शिरा तोडल्या, दोन बोटं मेली, आणि त्याने बाटली फोडून तिचा गळा करंगळीत घातला. शहरातल्या एका हॉटेलच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून त्याची पहिली गाणी भरून घेतली. ती गाजायच्या आत तो तुरुंगात गेला. तुरुंगाचं शेत होतं, बंदुकीच्या पहाऱ्यात कुदळी चालवायच्या. तिथे चाबूक होता, कुत्री होती. अकरा वर्षांनी सुटला तेव्हा सगळे त्याला विसरले होते. पुढे कित्येक वर्षांनी गाणी गोळा करणारे काही कॉलेजचे तरुण त्याला शोधत आले, आणि म्हातारपणी तो युरोपात, जपानात, ऑस्ट्रेलियात मोठमोठ्या सभागृहांत वाजवून आला. कुठल्या तरी भाड्याच्या खोलीत मेला.

तो तुरुंगात का गेला, ते एका ओळीत होतं. त्या ओळीतला एकही शब्द मला डिक्शनरीत बघावा लागला नाही. त्याने त्याच्या बायकोला मारून मारून ठार केलं होतं.

गुरुवारी तुमच्या खात्यातले तिघे आले. सतरंजी घातली, आईने कांदाभजी काढली. मी वही घेऊन उभी राहिले. शेतं झाली, तमाशा झाला, सुरी झाली. तुम्ही तुमचा हात त्यांना दाखवलात. मग मी त्या ओळीवर आले आणि अडखळले.

"मग? जेलात कशापायी गेला म्हणे?" त्यांतले एक काका म्हणाले.

"माणूस मारला."

"कुणाला?"

"होता एक. फसवलं त्याने. पत्त्यांत."

"मंग बरोबर केलं!" दुसरे म्हणाले. "पत्त्यात फसवणाऱ्याला सोडूच नये. काय रे, तू मागल्या दिवाळीला काय केलंस?" सगळे हसले.

तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "आपला माणूस! आणि ऐका, बाईमाणसावर हात टाकणारा नव्हता तो. डोळे बघा की त्याचे." आईने भज्यांची ताटली सतरंजीवर ठेवली. जराशी आपटलीच.

पप्पा, माझा हिशेब सरळ होता. तो पाईप घालतो, तुम्ही घालता. तो हॅट घालतो, तुम्ही घालता. त्याने बायकोला मारून टाकलं हे तुम्हाला कळलं, तर तेही तुम्ही कराल. म्हणून मी तिच्या जागी एक पत्ते खेळणारा माणूस घातला. पुढे तुम्ही तो माणूस वाढवलात. दर गुरुवारी तो आणखी नालायक होत गेला. आधी नुसता लबाड होता, मग मुकादमाचा गुंड झाला, मग लोकांच्या पोरी पळवणारा झाला. तुम्ही त्याला मारल्याची गोष्ट सांगायचात तेव्हा उठून उभे राहायचात. मी ऐकायचे. तुम्ही ज्याला दर आठवड्याला ठार मारत होतात तो माझा होता.

आणि माझं खोटं एकदा उपयोगी पडलं, हेही लिहिलं पाहिजे. मी बारा वर्षांची, गुरुवारच होता. तुम्ही आईला ओट्याशेजारच्या भिंतीला दाबलंय, उजवा हात तिच्या गळ्यावर आहे. ती ओरडत नाही, कारण तिला ओरडता येत नाही. तिच्या चपलेची टाच फरशीवर घासते, तेवढाच आवाज. धाकटा लाटण्याने तुमच्या पाठीवर मारतोय आणि तुम्हाला ते कळतही नाही. मी ओरडले, "पप्पा, तो असं नव्हता करत!" मला दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत, जणू कुणी तुम्हाला परक्या गावात नावाने हाक मारली. आणि हात सोडलात. आई खाली बसली आणि भांड्यातलं पाणी प्यायली. पुढच्याच आठवड्यात तुम्ही तिला पुन्हा मारलंत, पट्ट्याने. पण त्या दिवशी ती जगली, आणि माझ्या थापेमुळे जगली. वर्षभराने नाशिक रस्त्यावर टेम्पोने तुमच्या सायकलला उडवलं. मंडळी म्हणाली, कलावंत माणूस गेला. मी त्यांच्याबरोबर रडले. खोटं नाही रडले.

यानंतरचं तुम्ही पाहिलेलं नाही. आईने मेसच्या पोळ्या लाटून मला शिकवलं. माझा पहिला पदवीदान समारंभ झाला तेव्हा ती साडीची घडी मोडून सभागृहात शेवटच्या रांगेत बसली होती. मला भाषेचंच काम करायचं होतं. ज्याला बोलता येत नाही त्याचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचवायचं, याहून सरळ काम जगात नाही, असं मला वाटायचं, अजून वाटतं. दुभाष्याची परीक्षा झाली तेव्हा आम्हाला नियम वाचून दाखवले. घालायचं नाही, गाळायचं नाही, बदलायचं नाही. 'ती म्हणते' असंही म्हणायचं नाही. बोलणारा 'मी' म्हणाला तर तुम्हीही 'मी' म्हणायचं. मी सही केली. मला वाटलं, आता मी धुऊन निघाले.

या लॉकडाऊनमध्ये, कामं कमी होती तेव्हा, मला तुमची आठवण आली आणि मी तुमच्या गाणाऱ्याला शोधलं. तो खरंच सिडनीत येऊन गेला होता, पप्पा. इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या पोरांनी तेव्हा भर सभागृहात त्याची मुलाखत घेतली होती आणि ती लायब्ररीने इंटरनेटवर ठेवली आहे. मी कपाटात बसून ऐकली. बाहेर आवाज जाऊ नये असं काही नव्हतं, सवयच झाली आहे. एक मुलगा, आवाजावरून माझ्याहून लहान, फार आदराने विचारतो, तुम्ही तुरुंगात का गेलात? म्हातारा म्हणतो, एक माणूस सुरी घेऊन माझ्या अंगावर आला, मला मारावा लागला. सभागृहात टाळ्या होतात.

टाळ्या, पप्पा. मी हेडफोन काढला आणि पुन्हा लावला. माझी थाप माझी नव्हतीच. तसलीच तो गावोगाव सांगत होता. त्याची दुसरी सगळी कारकीर्द, युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया, त्या सुरीवाल्या माणसाच्या खांद्यावर उभी होती, जो कधी जन्मलाच नाही. कॅसेटवाल्यांनी तो मेल्यावर जुने कोर्टाचे कागद बघून ती एक ओळ छापली होती. मी ते कागदही शोधले. कुणी अभ्यासकाने ते छापले आहेत. त्याच्या बायकोला नाव होतं. ती मेली तेव्हा माझ्याहून लहान होती. तिची बहीण कोर्टात म्हणाली होती की आदल्या उन्हाळ्यात त्याने तिचा गळा दाबला होता. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी कुठे बोललं नाही. मग मी ते गाणं लावलं, जे तुम्ही धाकट्याला झोपवताना गुणगुणायचात, शब्द न कळता. आता मला इंग्रजी येतं. त्यात तो बायकोला सांगतो की परत माहेरी निघालीस तर तुला कुठल्या ओढ्यात टाकीन. धाकटा त्यावर किती शांत झोपायचा.

मी आईला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. कागदात काय होतं, मी काय वाचलं. तिकडे साथीची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, ती अजून खोकत होती.

"त्या बुवाचं अजून काय घेऊन बसलीस?" ती म्हणाली.

"आई, मी खरं वाचलं असतं तर?"

"तर काय झालं असतं ते मला काय ठाऊक. तू अडखळलीस ते मी बघितलं होतं." मग खोकल्याची उबळ आवरून म्हणाली, "त्यांनी पण बघितलं असेल. त्यानंतर तुला तो कागद परत कधी वाचायला सांगितला का?"

नाही सांगितलात. मी आठवून आठवून बघितलं. एकदाही नाही. तुम्ही तो दुसऱ्या कुणाकडून वाचून घेतला होतात का, आणि तरी दर गुरुवारी उठून उभं राहून तो पत्तेवाला मारत होतात का, हे मी आता कुणाला विचारू?

या फोनला पंधरा दिवस झाले आणि मंगळवार आला. त्या बाईचं वय, गाव, घर मी इथेही लिहीत नाही. शिकलेली होती. इंग्रजी तिला समजत होतं, पण त्या सकाळी बोलता येत नव्हतं. शेजाऱ्यांनी पोलीस बोलावले होते. नवरा बाहेर अंगणात एका पोलिसापाशी, आत तिच्यासमोर एक तरुण पोलीस बाई, आणि टेबलावर स्पीकरवर ठेवलेल्या फोनमध्ये मी. मागे मुलांचं कार्टून चालू. पोलीस बाई शांतपणे विचारत होती, मी मराठीत विचारत होते. नवरा घरूनच काम करतो, ती म्हणाली. मीटिंग चालू होती आणि मुलगा रडला. "त्याने आधी मीटिंग म्यूट केली. मग चार्जरच्या वायरने मारलं. हातांवर, मग तोंडावर. मग परत जाऊन बसला आणि माफी मागितली. त्यांची. मीटिंगवाल्यांची." मी हे सगळं 'मी' म्हणून इंग्रजीत सांगितलं. माझ्या हातांवर. माझ्या तोंडावर.

मग पोलीस बाईने विचारलं, त्याने कधी तुमच्या गळ्याला हात लावला का? मी मराठीत विचारलं.

खूप वेळ फक्त कार्टून ऐकू आलं. मग ती म्हणाली, "हो. धरला गळा. डोळ्यांपुढे अंधार आला माझ्या." आणि लगेच आवाज बदलला, कुंपणावरून शेजारणीशी बोलावं तसा झाला. "ताई, थांब. हे नको सांगू गं. बाकीचं सांग, हे एवढं नको. गळ्याचं कळलं की सोडत नाहीत म्हणे इथे. इथे कायमचं राहायचं आमचं पीआर लागायचंय अजून. मी बघते माझं. तुला तुझ्या आईची शपथ आहे."

इथे गळा धरण्याला मारहाणीहून वेगळा, मोठा गुन्हा मानतात, हे तिला माहीत होतं आणि मलाही. एका वाक्याने तिचं घर मोडणार होतं. किंवा ते वाक्य गाळल्याने पुढच्या महिन्यात ती उरणार नव्हती. दोन्ही होऊ शकत होतं, पप्पा. आईला मी खोटं बोलूनच वाचवलं होतं. गाणाऱ्याच्या ज्या बायकोला कुणी वाचवलं नाही तिच्याबद्दलही सगळे गप्पच बसले होते.

"इंटरप्रिटर?" पोलीस बाई म्हणाली. "आहात ना लाईनवर?"

मी दार ओढलेल्या कपाटात होते. माझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, इंग्रजीत, व्याकरणशुद्ध: नाही, फक्त हात आणि तोंड. इतक्या सहज तयार झालं की मलाच धक्का बसला. दहाव्या वर्षापासूनचं ते कौशल्य.

मी ते वाक्य गिळलं. मी इंग्रजीत म्हणाले, "होय. त्याने माझा गळा धरला. माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला." आणि थांबले नाही. "ताई, थांब. हे नको सांगू. बाकीचं सांग." तेही सांगितलं, पीआरचंही.

तिला समजलं. तिला इंग्रजी समजत होतं हे मी विसरले नव्हते. ती म्हणाली, "मराठीच ना गं तू? बाईच ना? तूच माझा गळा कापलास." मी तेही इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं, 'तू' म्हणजे मी हे पोलीस बाईला कळेल अशा रीतीने. पोलीस बाई म्हणाली, तिला सांगा, तिने काही चुकीचं केलेलं नाही. मी सांगितलं. लांबून नवऱ्याचा आवाज आला, स्वच्छ इंग्रजीत, अगदी नम्र, की ऑफिसर, थोडा गैरसमज झालाय. त्याला माझी गरज नव्हती.

मग फोन बंद झाला. आमच्या कामात पुढे काय झालं ते कळवायची पद्धत नाही. ती सुरक्षित आहे की नाही, मुलं कुठे आहेत, मला कधीच कळणार नाही. तिचं ते गळा कापल्याचं वाक्य मी रोज एकदा तरी मराठीत ऐकते. बाहेरून ती गुजराती मुलगी म्हणाली, "चाय ठंडी हो गई, मॅडम," आणि मी बाहेर आले. तिने माझा चेहरा बघितला आणि चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

हे पत्र कुठे जाणार नाही. लिहून झालं की मी ते पुसणार आहे, नियमाप्रमाणे. एकच गोष्ट कबूल करायची राहिली. पोलीस बाई माझी वाट बघत होती तेव्हा मी त्या बाईचा विचार करत नव्हते, कोर्टातल्या त्या बहिणीचाही नाही, नियमांचा तर नाहीच. मला वाटत होतं तुम्ही कपाटाबाहेर बसला आहात आणि मी काय सांगते ते कान देऊन ऐकता आहात. मी इतकी घाबरले होते, पप्पा, की माझा आवाज त्या पोलीस बाईलाही चिरका लागला असेल. त्या आवाजातच मी तिचं पहिलं वाक्य सांगितलं, मग दुसरं, मग तिसरं, आणि शेवटी तिने मला घातलेली आईची शपथसुद्धा.